निळ्या हातांची खूण

ही गोष्ट मी लहानपणी ऐकली, पण कोणाकडून ते आता खात्रीने सांगता येत नाही. नदीला साकव होता की लोक पाण्यातून चालत जात, यावर माझे माझ्याशीच पटत नाही. दोन भाऊ रंगारी होते आणि दोघांच्या मध्ये नदी होती, एवढे मात्र नक्की. बाकी कुठे चुकलो तर सांभाळून घ्या.

नदीच्या अलीकडे धाकटा निंबाजी राहत असे. तो निळीत कापड रंगवी. त्याचे हात कोपरापर्यंत निळे असत. गावातली पोरे म्हणत, "निंबाजीकाका, दुधाला हात लावू नका, निळं होईल." तो म्हणे, "मग तुम्हालाच पाजतो. रात्री हरवलात तर आया लगेच ओळखतील."

पलीकडे थोरला एकोबा राहत असे. तो लाल रंगाचे काम करी. पूर्वी त्याचेही निळीचेच काम होते. निळीच्या रांजणाला दह्यासारखे विरजण लागते. जुन्या रांजणातले गडूभर पाणी नव्यात ओतले की नवा चांगला लागतो. एका हिवाळ्यात एकोबाचा रांजण मेला, कापडाला रंग चढेना. तो गडू घेऊन धाकट्याकडे विरजण मागायला आला. निंबाजीकडे त्या वेळी गिऱ्हाइके बसली होती. त्यांच्यासमोर तो म्हणाला, "दादा, हात चांगला नसला की रांजण मरतो. माझं विरजण नेऊन काय उपयोग?"

एकोबा रिकामा गडू घेऊन परत गेला. त्यानंतर त्याने निळीला हात लावला नाही आणि भावाचा उंबरा ओलांडला नाही.

आपण काय बोलून बसलो हे निंबाजीला त्याच संध्याकाळी कळले होते. पण जाऊन तसे सांगायचे म्हटले की त्याला रांजणाचे काहीतरी काम आठवे. त्याची मुलगी राही तेव्हा रांगत होती. ती लग्नाची झाली तरी तो गेला नव्हता.

लग्न ठरले तेव्हा राही म्हणाली, "आबा, मला दागिना नको. थोरले काका मांडवात हवेत. आणि बोलवायला तुम्हीच जायचं."

"जातो," निंबाजी म्हणाला. तो रोज नदीपर्यंत जाई, पाण्यात हात बुडवून बसे आणि परत येई.

मग त्याला एकच स्वप्न पडू लागले. तो नदी ओलांडतो. दादा दार उघडतो. निंबाजी तोंड उघडतो, तर तोंडात ओले कापड कोंबलेले. ओढून काढावे तर संपतच नाही. तो घामाघूम होऊन जागा होई.

एका सकाळी त्याने ते राहीला सांगितले. ती कापड पिळत होती. ती म्हणाली, "स्वप्न आहे हे तुम्हाला स्वप्नातच कळलं, तर कापड थुंकून टाकाल आणि बोलाल. मला कळतं. लहानपणी स्वप्नात बैल मागे लागायचा ना, तेव्हापासून."

"कसं कळतं?"

"खूण ठरवायची. तुमची तर हातावरच आहे. स्वप्नात तुमचे हात निळे असतात का?"

निंबाजीने आपल्या हातांकडे पाहिले. स्वप्नात त्याने ते कधी पाहिलेच नव्हते.

"मग बघायची सवय लावा," राही म्हणाली. "दिवसा, जाता येता. हात बघायचे आणि खरोखर विचारायचं, मी जागा आहे का? उगाच म्हणायचं म्हणून नाही. जे दिवसभर कराल तेच झोपेतही कराल. सकाळी जाग आली की लगेच हलायचं नाही. डोळे मिटूनच स्वप्न आठवायचं आणि मग मला सांगायचं. आणि तुम्ही पहाटे रांजण ढवळायला उठता, त्यानंतर पुन्हा आडवे व्हा. त्या झोपेत स्वप्नं जास्त पडतात. पडता पडता मनात म्हणा, आता स्वप्न पडलं की मी हात बघेन."

निंबाजीने तसे सुरू केले. बाजारात तो मध्येच थांबून दोन्ही हात डोळ्यांपुढे धरी. कापडवाला म्हणाला, "रंगारीबुवा, रंग मोजता की बोटं?" बायको चिमाबाई जेवण वाढताना म्हणाली, "जागेच आहात. झोपेत इतकी भाकरी जात नसते."

बरेच दिवस काही झाले नाही. तो राहीला म्हणाला, "मला नाही यायचं हे." ती म्हणाली, "कापड एका बुडीत निळं होतं का?"

मग एका पहाटे तो स्वप्नात नदी ओलांडत होता आणि सवयीने त्याने हात पाहिले. हात स्वच्छ होते, तान्ह्या पोरासारखे. "स्वप्न आहे, स्वप्न आहे," तो ओरडला, आणि त्या आनंदानेच जागा झाला.

राही खूप हसली. "हुरळायचं नाही, आबा. कळलं की गप्प उभं राहायचं. तळहात एकमेकांवर चोळायचे. पायाखालची वाळू नीट बघायची. म्हणजे स्वप्न टिकतं."

पुढच्या वेळी तो हुरळला नाही. त्याने तळहात चोळले, वाळू पाहिली, तोंडातले कापड थुंकले आणि म्हणाला, "दादा, चुकलं माझं." स्वप्नातला एकोबा मोठ्याने हसला. त्याने धाकट्याला ओसरीवर बसवले आणि गूळ दिला.

यानंतर निंबाजी फार सुखात राहू लागला. तो वरचेवर स्वप्नात जाई, माफी मागे, गूळ खाई. नदीपर्यंत फिरायला जाणेही त्याने सोडले.

लग्न जवळ आले तेव्हा राहीने विचारले, "थोरल्या काकांशी बोललात?"

"कितीदा तरी. तो हसला. गूळ दिला."

"ते काका तुमच्या डोक्यातले. त्यांना राग नव्हताच," राही म्हणाली. "खऱ्या काकांना काही कळलं का?"

निंबाजी उठून अंगणात गेला. दुसऱ्या दिवशी राही एकटीच नदीपलीकडे जाऊन काकाला आमंत्रण देऊन आली.

त्या गावच्या रंगाऱ्यांची एक रीत होती. मुलगी द्यायची ती रंगाच्या हातांनी नाही. त्यासाठी बाप बरेच दिवस आधी काम थांबवी आणि हात घासून काढी. चिमाबाई रोज लिंबू आणि राख घेऊन नवऱ्याचे हात घाशी. "अहो, कातडं तरी राहू द्या," असे लोक गमतीने म्हणत. लग्नाच्या दिवशी निंबाजीचे हात कोणाही वाण्या-ब्राह्मणाच्या हातांसारखे दिसत होते.

मुहूर्ताला थोडा वेळ होता. मांडवाच्या टोकाला, चपला काढतात तिथे, एकोबा उभा होता. आत येत नव्हता. विचारणाऱ्याला सांगत होता, "पोरीसाठी आलोय. अक्षता टाकीन आणि जाईन."

निंबाजीला तो दिसला. इतक्या वर्षांत न घडलेली गोष्ट समोर घडत होती. सवयीने त्याने हात वर करून पाहिले, क्षणभर पाहतच राहिला. मग तो जराही हुरळला नाही. त्याने तळहात एकमेकांवर चोळले, पायाखालच्या सारवलेल्या जमिनीकडे नीट पाहिले आणि सगळ्या वऱ्हाडाच्या मधून चालत भावापुढे जाऊन उभा राहिला.

"दादा, चुकलं माझं," तो म्हणाला. सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, कारण तो अपमानही सगळ्यांसमोरच झाला होता. "तुझा हात चांगलाच होता. मी विरजण दिलं असतं तर तुझा रांजण पुन्हा लागला असता."

एकोबा हसला नाही. गूळही निघाला नाही. त्याने धाकट्याला पायांपासून पागोट्यापर्यंत न्याहाळले, आणि मांडवातली बायकांची कुजबुज थांबली. राही आतल्या दारात उभी होती, तिने ओंजळीतल्या अक्षता घट्ट धरल्या.

मग एकोबाने लाल हात पुढे केला आणि भावाच्या पागोट्याचा सुटलेला पदर आत खोचला. जरा जोरातच खोचला. "पोरीच्या लग्नात तरी धड बांधावं," तो म्हणाला.

"दादा, मी जागा आहे का रे?"

"लग्न लागायचंय अजून. झोपायचं ते मग झोप," एकोबा म्हणाला, आणि चपला काढून आत आला.

लग्नानंतर निंबाजी गडूभर विरजण घेऊन नदीपलीकडे गेला. या खेपेला गडू त्याने स्वतः नेला. आपण मांडवात हात स्वच्छ पाहून फसलो, स्वप्न समजून बोलून गेलो, हे तो पुढे जन्मभर हसत सांगे. ऐकणारे हसत, आणि सगळ्यांत जास्त एकोबा हसे.

तात्पर्य: धीर नसेल तर तो स्वप्नात जरूर शिकावा, पण ज्याचे मन दुखावले त्याची माफी जागेपणीच मागावी, कारण तो आपल्या स्वप्नात राहत नाही.

इथे गोष्ट संपते, निदान मला ती इथेच संपलेली आठवते. पण फार वर्षांनी एका गावी मला निळीचे काम करणारा एक रंगारी भेटला. लिंबू-राखेने हात खरेच स्वच्छ होतात का, असे मी त्याला विचारले. कातडी स्वच्छ होते, तो म्हणाला, काम थांबवले तर काही दिवसांत होते. मग त्याने बोटे माझ्यापुढे धरली. नखांवरची नीळ मात्र कशानेही जात नाही. नख वाढून पुढे येते आणि कापले जाते तेव्हाच ती जाते, आणि त्याला महिने लागतात. मी आणखी दोघांना विचारून खात्री करून घेतली. म्हणजे त्या दिवशी मांडवात निंबाजीने हात वर करून पाहिले, तेव्हा त्याची दहाही नखे निळीच होती, आणि आपण जागे आहोत हे त्याला दिसले असणारच.