देवळाबाहेरचा उंबरा

टेंभुरवस्तीच्या देवळाला उंबरा नाही. बाहेरगावचे पाहुणे क्रूस बघतात, घंटा बघतात, आणि दारातून आत जाताना काहीतरी चुकल्यासारखे खाली बघतात. चाळीस वर्षं इथली घंटा वाजवणारे बेनहूर आजोबा मग अंगणातल्या कडुलिंबाकडे काठी करतात. "उंबरा तिकडं बसलाय," म्हणतात.

लिंबाखाली एक लांब काळी शिळा आहे, मधोमध एकाच गोल धोंड्यावर टेकलेली. एका टोकाला कुणी बसलं की दुसरं वर जातं. पाहुण्यांना हसू येतं. आजोबा त्यांना पोटभर हसू देतात आणि मग सांगायला लागतात.

फार मागं इथलं देऊळ म्हणजे गवताचं छप्पर होतं म्हणे. ख्रिस्ती मंडळी मूठभर, पण हौस दांडगी. चार वर्षं खपून त्यांनी दगड जमवले आणि याकोब पाथरवटानं एक पै न घेता ते घडवले. याकोबाची आई सगुणाबाई डोळ्यांनी पार अधू झाली होती. "आये, दगडी उंबरा वलांडून तुला देवळात नेईन," असा शब्द त्यानं तिला दिला होता. उंबऱ्याची शिळा त्यानं सगळ्यांत निवडून काढली आणि घडवायला सोपी जावी म्हणून गोल धोंड्यावर चढवून ठेवली.

पाया खणायचा तेवढा राहिला होता, तोच वस्तीची विहीर ढासळली. बायका दोन कोसांवरच्या ओढ्यावरून पाणी आणू लागल्या. तेव्हा रविवारच्या उपासनेनंतर दाविद मास्तर उभे राहिले आणि म्हणाले, देवळाचे दगड विहिरीला द्या.

दाविद मास्तर म्हणजे याकोबाचा व्याही आणि लहानपणापासूनचा जिवलग. एकाकडं कालवण झालं की दुसऱ्याकडं वाटी जायची. याकोबाची लेक हन्ना मास्तरांच्या घरात नांदत होती. त्याच माणसानं भर सभेत आपल्या शब्दावर हात टाकावा, हे याकोबाच्या जिव्हारी लागलं.

तीन रविवार लिंबाखाली सभा झाली. दोघंही म्हातारे, म्हणून त्या शिळेच्या दोन टोकांना बसून भांडायचे. "देवाला दिलेलं माघारी घ्यायचं आसतंय व्हय?" याकोब विचारायचा. "तहानेल्याला पाजलं म्हंजी देवालाच पाजलं," मास्तर म्हणायचे. तिसऱ्या रविवारी मास्तर बोलून गेले, "याकोबा, तुला देऊळ न्हाई, तुझा शब्द मोठा झालाय."

याकोब ताडकन उठला. त्याच्या बाजूचं वजन गेलं तशी शिळा कलंडली, आणि मास्तर टोकावरून खाली आदळले. घोट्यात पाय मोडला.

याकोबाचं तोंड उतरलं. आता वस्तीची दोन शकलं होणार, हे सभेतल्या प्रत्येकाला दिसत होतं. मास्तर कळवळत, पण हसत म्हणाले, "आरं, उठायचं व्हतं तर सांगायचं तरी."

त्या रात्री याकोबाला जेवण गेलं नाही. पुढच्या रविवारी हात वर करून निकाल व्हायचा होता, आणि हजर असेल त्याचाच हात मोजायचा, आणि हात सारखे पडले तर आधीचं ठरलेलं चालवायचं, असा मंडळीचा नेम. मास्तर तर खाटेला खिळलेले. याकोबाच्या बाजूची माणसं येऊन सांगून गेली की आता देऊळ होणारच. त्याला आनंद व्हायला हवा होता. आपल्याच हातून पडलेल्या माणसाच्या गैरहजेरीत जिंकायचं, हे त्याच्या घशाखाली उतरेना.

रविवारी तो व्याह्याच्या दारात जाऊन पाठ करून बसला. "चढा," म्हणाला.

"आरं, मी तुझ्या इरोधात हात वर करनार हाय," मास्तर म्हणाले.

"ठाव हाय. चढा."

आणि याकोब मास्तरांना पाठुंगळी घेऊन सभेला आला. पाहणाऱ्यांचे डोळे भरून आले, असं सांगतात. हात मोजले तेव्हा याकोबानं आपला हात देवळाच्याच बाजूनं वर केला, कारण त्याचं मत काही बदललं नव्हतं. तो एका हातानं हरला. तो एक हात त्यानंच पाठीवरून आणला होता.

दुसऱ्या दिवशी छन्नी घेऊन विहिरीत पहिला उतरला तोही याकोबच. सगळे दगड बांधकामाला गेले. उंबऱ्याची शिळा तेवढी लांबीनं कुठं बसेना, म्हणून राहिली. पाणी वर आलं त्या दिवशी त्यानं आईला आणून त्या शिळेवर बसवलं. "आये, देऊळ न्हाई झालं," तो म्हणाला. सगुणाबाईनं शिळा चाचपली, ती भरल्या तांब्यातलं पाणी प्यायली आणि म्हणाली, "ह्योच का माझा उंबरा? मग झालं की."

ती बसली की शिळा कलंडायची. मास्तर लंगडत आले आणि दुसऱ्या टोकाला बसले. म्हातारी जगली तोवर रोज संध्याकाळी, कितीही काम असो, ते तिथं येऊन बसत. खाली दगडाच्या चिपा ठोकून शिळा पक्की करू, असं कुणीतरी सुचवलं होतं. याकोब म्हणाला, "हलू द्या. ध्यान ऱ्हातं."

देऊळ पुढं बारा वर्षांनी झालं. तेव्हा उंबरा हलवायला कुणाचा हात धजावला नाही.

आजही टेंभुरवस्तीत सभेत दोघांचं वाजलं, की त्यांना लिंबाखाली दोन टोकांना बसवतात. भांडण मिटतंच असं नाही. नळाच्या लायनीवरून बेनहूर आजोबा आणि त्यांचा धाकटा भाऊ दोन वर्षं तिथं बसतायत. पण उठताना अजून प्रत्येक जण आधी विचारतो, "उठू का?" आणि समोरचा पाय जमिनीला टेकवून म्हणतो, "थांब, मीबी उठतो."