अठ्ठावीस अंगुळांची चटई

“माझ्या बहिणीला त्या जहाजावर पाय पसरायला तरी जागा होती का?”

हा प्रश्न रोहकाने भृगुकच्छच्या धक्क्यावर विचारला, घाटाच्या कचेरीत विचारला, जहाजमालकाच्या दारात उभे राहून विचारला. रोहक जवळच्या मिठागरात राबणारा तरुण होता. त्याला अक्षरओळख जेमतेम होती आणि राग लवकर येई. उन्हाळ्याच्या शेवटी निघालेले एक जहाज किनारा दिसत असतानाच कलंडले आणि त्यात त्याची थोरली बहीण, मेहुणा आणि दोन भाचरे गेली. अधिकाऱ्यांनी त्याला वाऱ्याविषयी सांगितले. मालकाच्या कारकुनाने नशिबाविषयी सांगितले, तेव्हा रोहकाने त्याच्या कानशिलात मारली आणि चार दिवस कोठडीत काढले. जागेविषयी कोणी काही बोलले नाही.

कोणीतरी सांगितले म्हणून तो चालत श्रावस्तीला आला. जेतवनात भिक्षूंच्या गुरूसमोर, शास्त्यासमोर, उभा राहिला आणि वंदन करायचे विसरून त्याने तोच प्रश्न विचारला. भिक्षूंमध्ये कुजबुज झाली. शास्त्याने त्याला बसायला सांगितले, पाणी देवविले, आणि तो पाणी पिऊन होईपर्यंत थांबून पुढची गोष्ट सांगितली.

पूर्वी शूर्पारक बंदरावर डोंगरापलीकडच्या एका राजाची सत्ता असताना बोधिसत्त्व तेथे चटया विणणाऱ्याच्या घरी जन्मला. त्या राजाने समुद्र कधी पाहिला नव्हता. घाटावर त्याचे अधिकारी येत, दोन-तीन वर्षे राहत आणि बदलून जात. एकदा बंदराच्या तोंडाशीच एक भरलेले जहाज बुडाले, तेव्हा राजाने दवंडी पिटवून नियम केला: प्रत्येक उतारूला एक चटई मिळावी, लहान मुले आईबापांच्या चटईवर असावीत, चटईवर चटई चढू नये, दोन रांगांमधली वाट मोकळी असावी, आणि सगळ्या चटया भरल्या की चढायची फळी उचलावी. जहाज सुटण्यापूर्वी घाटाध्यक्ष वर जाऊन हे सर्व पाही.

जहाजांना लागणाऱ्या लव्हाळ्याच्या चटया बोधिसत्त्वाच्या घरी विणल्या जात. त्या घराची एक रीत होती. नवे माप धरले की पहिली चटई अंगणात पसरायची आणि घरातल्या बाईने तान्ह्या मुलाला घेऊन तिच्यावर निजायचे. कुशीवर वळताना मूल मातीत गेले तर चटई उसवायची. असे करत करत बत्तीस अंगुळे रुंदी ठरली होती. आजोबांनी तीच विणली, वडिलांनी तीच विणली आणि बोधिसत्त्वही तीच विणीत असे.

त्या बंदरात गोभद्र नावाचा श्रेष्ठी होता. बेटांकडे जाणारी तीन जहाजे त्याची होती. एका वर्षी त्याने निरोप पाठवला की यंदाच्या चटया अठ्ठावीस अंगुळांच्या विणाव्यात, दर तोच मिळेल. बोधिसत्त्वाला वाटले, लव्हाळा महाग झाला असेल. त्याने एक चटई विणली आणि अंगणात पसरली. बायको मुलीला घेऊन निजली, कुशीवर वळली, आणि मुलगी मातीत गेली. बायको हसून म्हणाली, “चटई लहान झाली की मी मोठी झाले, ते आधी ठरवा.”

बोधिसत्त्व हसला नाही. तो चटई गुंडाळून गोभद्राकडे गेला.

गोभद्राने काही लपवले नाही. तो मनमोकळा माणूस होता. त्याने सांगितले की चार अंगुळे कमी केली की सात चटयांच्या जागेत आठ बसतात. जिथे एकशे चाळीस उतारू जात तिथे आता एकशे साठ जातील. “नियम मोडला का?” त्याने विचारले. “नियमात चटई लिहिली आहे. अंगुळे लिहिलेली नाहीत.”

बोधिसत्त्व म्हणाला की त्या चटईवर बाईला मूल घेऊन झोपता येत नाही.

“तू चटई विण. तिच्यावर कोण कसे झोपते ते समुद्र बघेल. आणि ती वीस माणसे माझ्या पाया पडतात, ठाऊक आहे? धक्क्यावर मागे राहिली की रडतात. चटई किती रुंद हवी ते त्यांना विचारून ये.”

 बोधिसत्त्वाने एवढेच सांगितले की आपण अठ्ठावीस अंगुळांची चटई विणणार नाही. गोभद्राने खाडीपलीकडच्या विणकरांना काम दिले. बोधिसत्त्व घाटाध्यक्षाच्या कचेरीत दोनदा जाऊन आला. चटया नियमाप्रमाणे मोजल्या जातात, असे त्याला दोन्ही वेळा सांगण्यात आले. त्या उन्हाळ्यात त्याने मासळी वाळवायच्या चटया विणल्या. त्यांना भाव नव्हता. घरात एक वेळची पेज कमी झाली.

बोधिसत्त्वाची थोरली बहीण चित्रा समुद्रापलीकडच्या बेटावर दिलेली होती. ती नवऱ्याला आणि दोन मुलांना घेऊन माहेरपणाला आली होती. तेवढ्यात बेटावरून निरोप आला की सासू अंथरुणाला खिळली आहे, पाहायची असेल तर लगेच निघा. समुद्र बंद होण्यापूर्वीचे शेवटचे जहाज गोभद्राचे होते. त्यानंतर चार महिने एकही जहाज सुटणार नव्हते.

चित्रा धक्क्यावर जाऊन जागा घेऊन आली. तिचा जीव हलका झाला होता. “तू विणल्या नाहीस म्हणून काही अडले नाही,” ती भावाला म्हणाली. “रुंद चटया असत्या तर आज मीच मागे राहिले असते. गोभद्राचा कारकूनच म्हणाला तसे.”

बोधिसत्त्वाने तिला चार महिने थांबायला सांगितले.

“ती चार महिने थांबेल का रे?” चित्रा म्हणाली. “मला मुलीसारखे वागवले तिने. तिच्या तोंडात शेवटचे पाणी शेजाऱ्यांनी घालायचे?”

 जायच्या दिवशी बोधिसत्त्वाने बहिणीचे गाठोडे डोक्यावर घेतले आणि तिच्यामागून धक्क्यावर गेला.

जहाज भरलेले होते. नव्या चटया पिवळ्याधमक दिसत होत्या, एकीला एक लागून, रांगेत. एकावर दुसरी कोठेही चढली नव्हती. उतारू त्यांवर मांडी घालून, मुलांना मांडीवर घेऊन बसले होते. मधली वाट मोकळी होती. घाटाध्यक्ष काठी घेऊन त्या वाटेने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला आणि परत आला. तो त्याच वर्षी आलेला होता. नियमाला धरून चालणारा आणि लाच न घेणारा म्हणून त्याची ख्याती होती. त्याने समाधानाने मान हलवली.

बोधिसत्त्व गाठोडे ठेवायला वर आलेला होता. तो पुढे झाला आणि हात जोडून म्हणाला, “महाराज, यांना एकदा झोपायला सांगा.”

“भर दुपारी?”

“बेटापर्यंत अकरा रात्री लागतात. आपण यांना बसलेले पाहिले. अकरा रात्री कोणी बसून राहत नाही.”

उतारूंमध्ये हशा पिकला. एक जण मोठ्याने म्हणाला, “याच्या चटया खपल्या नाहीत, म्हणून पोट दुखतेय याचे.” दुसऱ्याने विचारले की पाय चेपायलाही हाच येणार का. गोभद्र खाली धक्क्यावर उभा होता.  घाटाध्यक्ष क्षणभर थांबला. आजवर तीस-चाळीस जहाजे तपासून त्याने सोडली होती, आणि असे कधी त्याच्या मनात आले नव्हते. त्याने सगळ्यांना आडवे व्हायची आज्ञा केली.

कोणी आडवे झाले नाही. का झाले नाही हे प्रत्येकाला ठाऊक होते. जे चटई पाहून कळत नव्हते, ते पाठ टेकताच कळणार होते, आणि मग कोणाला तरी खाली उतरावे लागणार होते. म्हाताऱ्यांनी गुडघ्यांचे दुखणे सांगितले. बायकांनी लाज पुढे केली.

तेव्हा बोधिसत्त्व शेवटच्या रांगेकडे वळला आणि बहिणीला म्हणाला, “अक्का, तू नीज.”

चित्राने त्याच्याकडे पाहिले. लहानपणी माहेरच्या घरातली प्रत्येक नवी चटई वडिलांनी आधी तिलाच निजवून पाहिली होती. ही चटई किती कमी आहे हे तिला वर पाऊल ठेवताच कळले असणार. ती बराच वेळ बसून राहिली. मग तिने धाकट्या मुलीला छातीशी घेतले आणि ती कुशीवर निजली. थोरल्या मुलाला चटईवर जागा उरली नाही. तो आईच्या पायांशी, मधल्या वाटेत जाऊन निजला.

तिचा हात शेजारणीच्या मांडीवर पडला, म्हणून शेजारणीला सरकावे लागले, आणि सरकायला जागा नसल्याने तीही निजली. मग तिच्या पलीकडचा. असे होत होत सगळे जहाज आडवे झाले. ज्यांच्याजवळ मुले होती त्या सर्वांनी ती पायांशी ढकलली, आणि वाट या टोकापासून त्या टोकापर्यंत मुलांनी भरून गेली.

घाटाध्यक्षाने तांडेलाला बोलावले. वारा लागला असे समज, तो म्हणाला, आणि सुकाणूपासून डोलकाठीपर्यंत जाऊन शिडाचा दोर सोड. तांडेल दोन पावले गेला. तिसरे पाऊल त्याने उचलले आणि तो तसाच एका पायावर उभा राहिला. खाली पाहत म्हणाला, “ठेवू कुठे?”

गोभद्र धक्क्यावरून म्हणाला की वारा लागला तर माणसे उठून बसतील.

“उठतील, धनी,” तांडेल म्हणाला. “सगळी एकदम उठतील आणि एकाच बाजूला धावतील. त्यालाच मी भितो.”

घाटाध्यक्ष खाली वाकला. त्याने एका पोराचा हात हलकेच बाजूला करून चटईची कड बोटांनी मोजली. मग उभे राहून आज्ञा दिली की बत्तीस अंगुळांच्या हिशेबाने जेवढी माणसे बसतात तेवढीच जातील, आणि शेवटी चढलेली वीस माणसे मुलाबाळांसह उतरतील. चित्रा आणि तिचा नवरा त्या विसांत होते.

आता गोभद्र वर आला. तो रागावलेला दिसला नाही. त्याने घाटाध्यक्षाला सांगितले की या बाईची सासू मरणाला टेकली आहे, तिला जाऊ द्यावे, तिच्याऐवजी दुसरे चौघे उतरवू. घाटाध्यक्षालाही ते पटले. त्याने बोधिसत्त्वाला विचारले, “तुझी माणसे जहाजावर राहू देऊ का?”

चित्रा गाठोड्यावर हात ठेवून भावाकडे पाहत होती.

बोधिसत्त्वाने त्यांच्या लगेच आधी चढलेल्या, आता त्यांच्या जागी उतरावे लागणाऱ्या चौघांकडे पाहिले. त्यांत एक म्हातारा होता, त्याची सून होती आणि तिची दोन मुले होती. ते कुठे निघाले होते, त्यांची कोण वाट पाहत होते, हे त्याला ठाऊक नव्हते. तो म्हणाला, “जे शेवटी चढले ते उतरतील.”

चित्रा उतरली. धक्क्यावर आल्यावर तिने भावाच्या हातातून गाठोडे काढून घेतले आणि म्हणाली, “तुझ्या उंबऱ्यात मी पाय ठेवणार नाही.” तिने चार महिने बंदरामागच्या धर्मशाळेत काढले. बोधिसत्त्वाची बायको रोज तिथे भात पोहोचवीत असे. मुले खात, चित्रा आधी नको म्हणे, आणि मग थोडे खाई. समुद्र उघडल्यावर पहिल्या जहाजाने बातमी आणली की सासू आषाढातच गेली.

आधी गेलेल्या त्या जहाजाला चौथ्या रात्री मोठा वारा लागला होता. तांडेल मोकळ्या वाटेने धावला, त्याने दोर सोडला, शीड खाली आले आणि लोक पुन्हा झोपले. बेटावर उतरल्यावर कोणी त्याचा उल्लेखही केला नाही. उतारूंच्या लक्षात राहिले ते एवढेच की सुटायच्या आधी एका चटईवाल्याने दुपारी सगळ्यांना आडवे करून फुकट वेळ घालवला.

घाटाध्यक्षाने राजाला पत्र लिहिले. पुढच्या वर्षी नियमात बत्तीस अंगुळे हे माप आले, आणि जहाज सोडण्यापूर्वी उतारूंना निजवून पाहावे हेही आले. गोभद्राने बोधिसत्त्वाकडून पुन्हा कधी चटई घेतली नाही, पण बाकीच्या मालकांना त्याच मापाच्या चटया घेणे भाग पडले, आणि त्या घरातली दुसऱ्या वेळची पेज परत आली. चित्रा बेटावर परतली. ती पुढे पुष्कळ वर्षे जगली, मुलांची लग्ने केली, नातवंडे पाहिली. भावाचे नाव निघाले की ती म्हणे, सासूच्या शेवटच्या पाण्याला मला मुकवणारा तो. बोधिसत्त्वाने तिची समजूत घालायचा प्रयत्न केला नाही. दर वर्षी तो तिच्याकडे जाणाऱ्या जहाजाबरोबर एक नवी चटई पाठवी. ती पोहोचल्याचा निरोप कधी आला नाही.

एवढे सांगून शास्ता म्हणाला, “त्या वेळचा गोभद्र आज भृगुकच्छचा जहाजमालक झाला आहे. चित्रा म्हणजे तुझी बहीण. रोहका, वाकून चटईची कड मोजणारा घाटाध्यक्ष तू होतास. चटया विणणारा मी होतो. आपल्या माणसांना आणि अनोळखी माणसांना मी तेव्हा एकाच मापाने मोजले आणि आपल्यांचा रोष सोसला. ती माझी मैत्रीपारमिता, सर्वांविषयीच्या समान मैत्रीची पूर्णता.”

भिक्षू वंदन करून आपापल्या कामाला गेले. रोहक बसून राहिला. जे त्याने घाटाच्या कचेरीत, कोठडीत किंवा वाटेत कोणालाही सांगितले नव्हते, ते त्याने शास्त्याला सांगितले. त्या दिवशी जहाज भरले होते. तांडेलाने हात आडवा करून जागा नाही म्हणून सांगितले होते. बहीणही म्हणाली होती, राहू दे, पुढच्या खेपेला जाऊ. रोहकाला ते सहन झाले नाही. आपल्या बहिणीला कोणी नाही म्हणतो म्हणजे काय, असे ओरडत तो फळीवर चढला. त्याने तांडेलाला ढकलले, बसलेल्या दोघांना खांद्याने मागे सारले आणि त्या फटीत बहिणीचे गाठोडे टाकले. मेहुण्याला हात देऊन वर ओढले, मग बहिणीला, मग भाच्याला. फळी उचलायला लागले होते. तो पाण्यात कमरेपर्यंत उतरला आणि धाकट्या भाचीला दोन्ही हातांनी डोक्यावर धरून त्याने वर दिले.