राखलेल्या तळ्यातले क्रौंच

पूर्वी सुवर्णमुख नगरात राजा वीरबाहू राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याच्या पदरी वनामात्य होता. नगराबाहेरच्या तळ्यावर दर हिवाळ्यात हिमालयापलीकडून क्रौंच पक्षी येत. त्यांना त्रास होऊ नये म्हणून बोधिसत्त्वाच्याच सल्ल्याने राजाने तळ्याला कुंपण घातले आणि गवळ्यांच्या म्हशींना तिथे बंदी केली.

पहिल्या हिवाळ्यात दोनशे क्रौंच आले, दुसऱ्यात नव्वद, तिसऱ्यात अकरा. राजा बुचकळ्यात पडला. पहारा दुप्पट केला, तरी पक्षी कमीच. बोधिसत्त्वालाही काही उमजेना. अशात गवळ्यांचा म्होरक्या रोहक याच्या पागोट्यात क्रौंचाचे पीस दिसले, आणि गवळीच पक्षी मारतात असे समजून राजाने त्याचा सगळा पाडाच हद्दपार करण्याची आज्ञा दिली.

रोहक म्हणाला, “महाराज, पीस जुनं आहे. म्हशी तळ्यात चरायच्या तेव्हा हे पक्षी त्यांच्या मागंमागं फिरायचे. आता म्हशीही आत नाहीत आणि पक्षीही नाहीत.”

बोधिसत्त्वाने तीन वर्षे पक्षी मोजले होते ते काठावरच्या मचाणावरून. त्या दिवशी तो प्रथमच तळ्यात उतरला. गवत छातीला लागत होते, पाणी दिसतच नव्हते. एका कोपऱ्यात मात्र कुंपण मोडून एक चुकार म्हैस शिरली होती. तिने तुडवलेल्या उघड्या चिखलात अकराही क्रौंच कंद उकरून खात होते. ते पाहून त्याला फार लाज वाटली.

तो राजाकडे गेला. “महाराज, चोर सोडून संन्याशाला सुळी नको. चूक माझ्या सल्ल्याची आहे.”

“म्हणजे म्हशी हव्यात, हे नक्की?”

“नक्की ठाऊक नाही. अर्ध्या तळ्यात म्हशी सोडू, अर्धे तसेच ठेवू आणि बघू.”

“ज्याला नक्की ठाऊक नाही, तो अमात्य कसला?”

बोधिसत्त्वाने आपली अमात्यपदाची मुद्रा राजापुढे ठेवली. राजाने ती ठेवून घेतली, पण एक हिवाळा थांबायचे कबूल केले.

पुढल्या हिवाळ्यात म्हशींच्या बाजूला साठ क्रौंच उतरले. गवताच्या बाजूला मात्र पूर्वी कधी न दिसलेल्या चिमुकल्या पक्ष्यांनी वस्ती केली होती. राजाचा गोंधळ आणखी वाढला. त्याने कुंपण अर्धेच ठेवले आणि गवळ्यांचा पाडा जागच्या जागी राहिला.

ही कथा सांगून भिक्षूंचे गुरू शास्ते म्हणाले, “भिक्षूंनो, तो राजा म्हणजे आजचा आनंद, रोहक म्हणजे सारिपुत्र, आणि तो वनामात्य मीच.”

“आणि न परतलेले एकशे चाळीस क्रौंच?” एका भिक्षूने विचारले.

“ते कुठे गेले, हे त्या वनामात्याला मरेपर्यंत कळले नाही. पण कळले आहे असे त्याने कोणालाही सांगितले नाही. ती त्याची सत्यपारमिता, सत्य पाळण्यातली परिपूर्णता.”