न धुतलेली मूठमाती

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. एका नदीकाठी सोनं शोधणाऱ्यांची वस्ती होती. कोणत्या राज्यात, ते विचारू नका. सोन्याच्या नादी लागलेली माणसं सगळ्या राज्यांत सारखीच!

वस्तीत कुणी मेलं की पुरण्याआधी खड्ड्यातली माती लाकडी काठवटीत घेऊन नदीवर धुवायची, अशी रीत होती. तळाशी सोन्याचा कण दिसला, तर तिथं पुरायचं नाही. पुढं कुणी सोन्यासाठी मढं उकरू नये, म्हणून जुन्या माणसांनी घालून दिलेली रीत. हेतू चांगलाच होता हो, पण माणसं कुठं चांगली होती?

एके दिवशी खाणीची दरड कोसळून साळूआजीचा नवरा गेला. आजीचं मागणं एकच होतं: दिवस मावळायच्या आत धन्याला सगळ्या वस्तीची मूठमाती मिळावी. जन्मभर तो प्रत्येकाच्या मयताला गेला होता.

खड्डा खणला. मुकादमाने माती धुतली आणि तो ओरडला, "थांबा! चमकतंय!"

झालं! निम्मी माणसं कुदळी घेऊन खड्ड्यात उतरली. उरलेल्यांनी तिरडी पुढं नेऊन दुसरा खड्डा खणला. मुकादमाने त्याच काठवटीत माती धुतली. तिथंही कण चमकला, आणि खांदेकरीसुद्धा तिरडी टाकून पळाले.

"अरे मेल्यांनो, ऊन उतरलं! आधी माणसाला जागेवर लावा!" आजी ओरडली.

"आलोच, आजी," खड्ड्यातून आवाज आला. "ते आता कुठं जातायत?"

आजीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिरडीपाशी उरल्या ती आणि तिची म्हातारी नणंद. जवळच कुणीतरी सोडून दिलेला एक जुना खड्डा होता.

"वन्सं, धरा ते टोक."

"अगं, माती धुवायची राहिली ना?"

"चुलीत घाला ती काठवट! खाली सोनं असलं तर असू दे. जन्मभर दुसऱ्यांसाठी उपसलं, आता त्यावर निजू देत."

दोघींनी रडत, धापा टाकत त्याला खाली उतरवलं आणि हातांनी माती लोटली.

इकडे दोन्ही खड्डे पुरुषभर खोल गेले, तरी सोन्याचा पत्ता नाही. शेवटी एकाने वैतागून विचारलं, "मुकादम, काठवट घासून घेतली होती ना?"

मुकादमाने काठवटीच्या भेगेत नख फिरवलं. कालच्या कामाचे कण तिथंच चिकटलेले होते!

सगळे धावत आले, मुठीत माती घेऊन उभे राहिले. पण दिवस मावळला होता आणि खड्डा भरला होता.

"आता इथं जागा नाही," आजी म्हणाली. "तुमचे ते दोन खड्डे आ वासून पडलेत, त्यांत टाका."

मुकादमाची मूठ काही उघडेना. ती माती तशीच धरून तो घरी गेला.

म्हणून सांगतो, लहानांनो आणि मोठ्यांनो: माणसाचं देणं वेळेवर दिलं नाही, तर मागाहून कितीही दिलं तरी ते त्याला पोचत नाही.