येसामायचे बारा लंगोट

श्रीचाफेबुवा महाराज आसरडोह गावी शिंपीआळीत उतरले होते. "देवळात सगळे मला विचारतात," ते म्हणत, "इथे मला विचारायला मिळतं."

समोर म्हाताऱ्या येसाबाई जुनेर फाडून लंगोट शिवत होत्या. इनामदार रंगरावांच्या घरी बारा वर्षांनी नातू झाला होता.

"येसामाय, जुनंच का?"

"कोरं कापड टोचतं, महाराज. पन्नासदा धुतलं की पाणी प्यायला शिकतं."

महाराजांनी लंगोट तिन्ही बाजूंनी फिरवून पाहिला. चौथी नव्हती. त्यांना फार आनंद झाला.

येसाबाई बारा लंगोट घेऊन गेल्या, तर इनामदार ओट्यावरूनच गरजले, "माझ्या नातवाला चिंध्या? अगं, आम्ही जरीचे शिवून आणलेत. ने तुझं गाठोडं!"

दुसऱ्या दिवशी तेच इनामदार धावत आळीत आले. "महाराज, बाळानं कालपासून शू केली नाही! पोट टम्म फुगलंय. वैद्यांनीही हात टेकले!"

"मला यातलं काय कळतं?" महाराज म्हणाले. "येसामायला विचारा."

सगळे इनामदारांच्या घरी गेले. येसाबाईंनी काचणारी जरीची गाठ सोडली नि जुनेराचा लंगोट बांधला. काहीच झाले नाही. बाळाची आई पदर तोंडात धरून उभी होती. महाराज बाळाशेजारी मांडी घालून बसले आणि अगदी आदराने म्हणाले, "बाळा, अडचण काय आहे तुझी?"

बाळाने महाराजांकडे टक लावून पाहिले. मग लंगोट हळूहळू ओला झाला.

"झाली! शू झाली!" आई ओरडली. काय ती महाराजांची करुणा! ओसरीवर महाराजांच्या भजनकऱ्यांचे टाळ झडले. इतक्यात दुसरा भिजला. पुन्हा जयघोष. पाचव्याला वैद्यही नाचले. नवव्याला भजनकऱ्यांचे घसे बसले. बारावा भिजला तरी बाळ थांबेना!

"लंगोट संपले," येसाबाई म्हणाल्या.

रंगरावांनी मुकाट्याने डोक्यावरचा फेटा सोडला. तो त्यांच्या आजोबांचा होता. "माय, हे चालेल का गं?"

येसाबाईंनी फेट्याचा पदर चिमटीत चोळून पाहिला. "तीन पिढ्यांचं धुणं आहे. चालेल की."

तेव्हा रंगरावांनी उघडे डोके त्यांच्या पायांवर ठेवले. "चुकलो, माय."

"येसामाय," महाराजांनी कुतूहलाने विचारले, "एका फेट्यात लंगोट किती निघतात?"

"अठरा, महाराज. पण आधी इनामदारांना उठवा. कापड त्यांच्या गुडघ्याखाली अडकलंय."