राजाचा दात आणि सगुणा

करंजगडच्या उदाजीराजांचा पुढचा दात किडला आणि त्याला मधोमध मुगाएवढं काळं भोक पडलं. राजांनी हुकूम काढला. भोक बुजवायचं, पण भरण लोखंडाहून कठीण हवं, काचेसारखं आरपार दिसणारं हवं आणि आतलं काळं मात्र कोणाला दिसता कामा नये. ज्याला जमणार नाही त्याचा तोच दात उपटला जाईल. हुकूम अत्यंत विचारपूर्वक काढला होता, असं दिवाण रंगोपंतांनी सगळ्यांना सांगितलं. महिन्याभरात राज्यातले चार नामांकित वैद्य बोलताना शिट्ट्या वाजवू लागले.

मग कोणीतरी सुचवलं की लाखेच्या बांगड्या करणाऱ्या भिकोबाला राळ आणि लाख यांतलं चांगलं कळतं. बोलावणं आलं तेव्हा भिकोबाने घाबरून दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्याची मुलगी सगुणा म्हणाली, "बाबा, तुमचे आधीच सातच उरलेत. मी जाते."

दरबारात तिने आधी नुसती स्वच्छ राळ भोकात भरली आणि राजांपुढे आरसा धरला. राळ काचेसारखी लखलखीत होती आणि तिच्यातून काळं भोक पहिल्यापेक्षा मोठं दिसत होतं. राजे संतापले. सगुणाने हात जोडून सांगितलं की हुकुमाप्रमाणेच केलंय. आरपार दिसायचं म्हटल्यावर पलीकडे जे आहे तेच दिसणार. राजांनी थोडा विचार केला. दरबारात ही गोष्ट नवीनच होती. शेवटी त्यांनी तिला तिच्या पद्धतीने करायची परवानगी दिली.

तिने ती राळ खरवडून काढली. नव्या राळेत शिंपल्याचं वस्त्रगाळ चूर्ण चिमूट चिमूट मिसळत गेली. चूर्ण कमी पडलं तर काळं डोकावायचं, जास्त झालं तर भिंतीला चुना फासल्यासारखं दिसायचं. अखेर शहाळ्यातल्या मलईसारखा रंग जमला. उजेड आत शिरत होता, नजर मात्र शिरत नव्हती. मग तिने कागदाएवढा पातळ थर दिला आणि तो उन्हात वाळवला. त्यावर दुसरा दिला, मग तिसरा. चार दिवस करंजगडचे अधिपती अंगणात आ वासून सूर्याकडे तोंड करून बसले होते, आणि रंगोपंत माशा वारत होते.

पाचव्या दिवशी राजांनी आरशात पाहिलं. कुठला दात किडका होता ते त्यांनाच सापडेना.

रंगोपंतांना मात्र हे फार सोपं वाटलं. हुकुमात लोखंडाहून कठीण असं स्पष्ट लिहिलंय, तेव्हा परीक्षा व्हायलाच हवी, असं म्हणत त्यांनी सोनाराची हातोडी मागवली. सगुणाचा चेहरा उतरला. पण क्षणभरच.

"जरूर करा," ती म्हणाली. "एक घाव भरणावर घाला आणि तेवढाच शेजारच्या दातावर. आधी भरण फुटलं तर माझा दात उपटा. आधी महाराजांचा दात फुटला तर मी जिंकले."

रंगोपंत हातोडी उचलून दोन पावलं पुढे आले. राजांनी आधी हातोडीकडे पाहिलं, मग रंगोपंतांकडे. रंगोपंतांनी हातोडी पाठीमागे लपवली.

"आता खरं सांग," राजे म्हणाले, "हे लोखंडाहून कठीण आहे का?"

"नाही, महाराज. दाताएवढंच आहे. लोखंडाहून कठीण केलं असतं, तर रोज त्यावर घासून खालचा दात झिजला असता. मग त्याच्यासाठी नवा हुकूम निघाला असता, आणि राज्यात दात असलेले वैद्य आता फार उरले नाहीत."

राजे इतके मोठ्याने हसले की बत्तीसच्या बत्तीस दात सगळ्यांना दिसले. त्यांनी तो हुकूम तिथेच फाडला, सगुणाला सोन्याचं कडं दिलं आणि राजवाड्याची दंतवैद्य नेमलं. तिच्यासाठी औषधं कुटण्याचं काम त्यांनी रंगोपंतांवर सोपवलं, कारण हातोडी त्यांच्याकडे होतीच.