ओळीतलं शेवटचं अक्षर

"मग चूक कोणाची, कंपायलरची की ड्रायव्हरची? तेवढं तरी सांगा, अण्णा!"

निनाद तावातावाने विचारत होता. अण्णा कुंभोजकर स्क्रीनवरचे शब्द वाचत होते.

अंधशाळेच्या छापखान्यात ब्रेल छापणारं हे एकच यंत्र. लिनक्सच्या संगणकावर ते चालावं म्हणून अण्णांनी चौदा वर्षांपूर्वी स्वतः ड्रायव्हर, म्हणजे यंत्राला हुकूम देणारा प्रोग्राम, लिहिला होता. तो कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, बाहेरचा, त्यामुळे कर्नल बदलला की नव्याने बिल्ड करावा लागे; म्हणजे कंपायलर त्याचा कोड तपासून संगणकाच्या भाषेत उतरवी. आजवर तो निमूटपणे होत आला होता.

सकाळी निनादने मोठ्या हौसेने सगळी सिस्टीम अपग्रेड केली, कंपायलरसकट. परीक्षेच्या आदल्या दिवशी असले उद्योग करू नयेत, हे त्याला कोण सांगणार? आता ड्रायव्हर बिल्ड होईना, आणि उद्या अठरा मुलांना इतिहासाचा पेपर द्यायचा होता.

"जुना कंपायलर नुसता इशारा देऊन पुढे जायचा. हा तिथेच अडून बसतो," निनाद म्हणाला. "पण चुकीकडे दुर्लक्ष कर असं सांगणारा एक फ्लॅग टाकतो, की गप्प बसेल. पाच मिनिटांचं काम."

"थांब. काय म्हणतोय ते वाचू दे."

"तुमच्या कोडमध्ये चूक काढतोय, अण्णा! तुमच्या!"

पोराला खरोखरच राग आला होता. स्वतःसाठी नव्हे, गुरूसाठी.

अण्णा मात्र हसले.

"ओळीची लांबी... इथे एका मापाची जागा मागितलीय. मी भलत्याच मापाची दिली."

त्यांनी ती ओळ दुरुस्त केली. ड्रायव्हर बिल्ड झाला. यंत्र खडखडू लागलं.

पहिलं पान सगुणाबाईंकडे गेलं. त्या जन्मापासून अंध. इथं छापलेलं प्रत्येक पान आधी त्यांच्या बोटांखालून जाई. ओळ भरगच्च असली की यंत्र शेवटचं अक्षर खाऊन टाकायचं. सगुणाबाई ते हाताने टोचून बसवत. यंत्र म्हातारं झालंय, असं सगळेच म्हणत.

आजही त्यांनी टोचणी हातात घेतली होती.

बोट ओळीच्या टोकाशी गेलं. थांबलं. मागे आलं, पुन्हा गेलं...

"अण्णा, अक्षर आहे हो इथं."

दुसरी ओळ. तिसरी.

"सगळी आहेत..."

अण्णांना एकदम भरून आलं. यंत्र म्हातारं झालंच नव्हतं; चूक त्या एका ओळीतली, त्यांची स्वतःची होती.

"बाई, इतकी वर्षं तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोलले होते की एकदा. तुम्ही कामात होता."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. अण्णा उठले. सगुणाबाईंच्या हातातली टोचणी त्यांनी अलगद काढून घेतली आणि स्वतःच्या खिशात ठेवली.

निनाद खाली मान घालून उभा होता. तो म्हणाला,

"नवा कंपायलर हुशार निघाला, अण्णा. जुन्याला चौदा वर्षं कळलं नाही..."

"जुनाही सांगत होता, बाळा," अण्णा म्हणाले. "हळू आवाजात."